शिवलेल्या थैलीतले पाच किलो

१

पिपरबोडीच्या तलावावर मुलींची फायनल गडचिरोलीच्या बोटीने जिंकली, आणि टाळ्या थांबायच्या आत तीच बोट चोर ठरली.

बोटीत पाच पोरी. चौघी वल्ही मारणाऱ्या आणि मागच्या टोकाला बसून सुकाणू धरणारी पाचवी. तिला या खेळात कॉक्स म्हणतात. कॉक्स वल्हं मारत नाही, नुसती बसते आणि ओरडते; त्यामुळे ती जितकी हलकी तितकी बोट बरी पळते. पण मग जो तो घरातलं सगळ्यात लहान पोर आणून बसवेल, म्हणून नियम असा की कॉक्सचं वजन पंचावन्न किलो भरलं पाहिजे. कमी पडेल तेवढ्या वजनाची थैली तिच्या पायाशी ठेवायची. गडचिरोलीची कॉक्स उर्वशी त्रेचाळीस किलोची. सकाळी तिची थैली काट्यावर बारा किलो भरली होती. शर्यत संपल्यावर बोटीतून काढलेली थैली सात किलो भरली. तोंड शिवलेलं तसंच, नावाची चिठ्ठी बांधलेली तशीच.

"पाच किलो पाण्यात टाकले पोट्टीनं!" गुणवंतराव ओरडले. "मी सांगतलंच होतं, वजन करा म्हणून!"

गुणवंतराव नौकानयन संघटनेचे अध्यक्ष आणि चंद्रपूर संघाचे व्यवस्थापक. दुसऱ्या आलेल्या चंद्रपूरच्या बोटीत त्यांची नात चंचल कॉक्स होती. एकच माणूस स्पर्धा भरवतो, संघ आणतो, तक्रारही करतो आणि वर न्यायाच्या गप्पा मारतो, याचं मांडवातल्या कुणालाच काही वाटत नव्हतं. वाटलं ते फक्त जरीना शेख यांना, आणि त्यांना ते कपाळाला एक आठी घालण्याइतकंच वाटलं.

जरीनाबाई तीस वर्षं चंद्रपूरच्या कोर्टात सरकारी वकील होत्या. आता घरी गुडघे शेकत बसायच्या. तक्रारींचा निकाल देणाऱ्या ज्युरीच्या अध्यक्ष म्हणून त्यांना बोलावलं होतं. खेळातलं काही न कळणारा माणूस निःपक्षपाती असतो, अशी संघटनेची समजूत होती. बाकीचे दोन सदस्य म्हणजे एक निवृत्त क्रीडा अधिकारी, जो जेवणानंतर खुर्चीतच घोरत होता, आणि एक नगरसेवक, जो फोनवरून कुणाच्या तरी लग्नाचं जेवण ठरवत होता.

"निकाल सोपा आहे, वकीलबाई," गुणवंतराव म्हणाले. "गडचिरोली बाद. दोन वर्षांची बंदी. आमची बोट पहिली. पाहुणे येतच आहेत, बक्षीस उरकून टाकू."

"पाहुणे सकाळपासून येतच आहेत," जरीनाबाई म्हणाल्या. "ते येईपर्यंत मला चार प्रश्न विचारू द्या. मग घाई करा."

तेवढ्यात एक उंच पोरगी पुढे आली. दिव्यानी. गडचिरोलीच्या बोटीत ताल देणारी ती. हातांना घट्टे, त्यांतला एक फुटून रक्त आलेलं.

"मॅडम, जिंकणारी बोट पुण्याच्या कॅम्पले जाते," ती म्हणाली. "पुढच्या साली आमचं वय बसत नाई. हे एकच साल होतं. आमी चोरी नाई केली. तुमी पायजे तं आमचे कपडे झाडून पाहा."

"कपड्यात पाच किलो मावत नाहीत," जरीनाबाई कोरडेपणाने म्हणाल्या. आयुष्यभरात त्यांनी "आम्ही चोरी नाही केली" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ते त्यांना छतावरच्या पंख्याच्या आवाजासारखं वाटे. त्यांनी थैली समोर ओढून घेतली. पांढऱ्या जाड कापडाची, संघटनेने वाटलेली. दाभणाने घातलेला सुतळीचा टाका एकही तुटलेला नव्हता.

शिवलेल्या थैलीतून पाच किलो जातात कुठे?

२

पहिला बोलावला तो अल्ताफ. बाजारातल्या धान्याच्या दुकानाचा काटा घेऊन आलेला पोरगा. सकाळपासून कॉक्स आणि थैल्या तोलायचं काम त्याच्याकडे होतं.

"काटा बिघडला असेल," जरीनाबाई म्हणाल्या.

"काहीबी काय, खालाजान! इमानाचा काटा आहे."

जरीनाबाई स्वतः काट्यावर चढल्या, आकडा पाहिला आणि उतरल्या. "बरोबर आहे. दुर्दैवाने. किती थैल्या होत्या?"

"दोनच. बाकी दोन बोटींच्या कॉक्स पंचावन्नच्या वर. गडचिरोलीची बारा किलोची आन् चंद्रपूरची सातची. वजन करून मीच चिठ्ठ्या बांधल्या सुतळीनं. हीट झाली का थैल्या परत माझ्यापाशी, फायनलच्या वक्ताले परत देल्या."

"हीट म्हणजे?"

"सकाळची पयली शर्यत जी. चारी बोटी एकदम नाई सोडत पयले. दोन दोन सोडतात, फायनलले मंग चारी. आपापल्या हीटमध्ये दोगीबी पयल्या आल्या. पन चंद्रपूरचा टाइम चांगला होता. नवी कोरी बोट आहे त्यायची."

"आणि दुपारभर तू इथून हलला नाहीस?"

अल्ताफने मान खाली घातली. "आज जुम्मा आहे ना खालाजान. नमाजले गेल्तो गावात. पन जागा खाली नाई सोडली! पयले गुणवंतभाऊ बसले होते, सावली पाहून. मंग पियुषभाऊ म्हणे, मी बसतो, तू आरामात ये."

पियुष म्हणजे गडचिरोलीच्या पोरींचा प्रशिक्षक, करारावर नेमलेला. म्हणजे दोन्ही संघांचे दोन्ही कर्तेपुरुष आळीपाळीने थैल्यांपाशी एकटे बसले होते, आणि संघटनेला ही व्यवस्था अगदी चोख वाटली होती. जरीनाबाईंनी घोरणाऱ्या सदस्याकडे पाहिलं. झोपेतही त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मग उर्वशी आली. एवढीशी पोरगी, अनवाणी. टाचांच्या भेगांत लालसर रंग बसलेला. मेंदी असावी, जरीनाबाईंना वाटलं; बाद व्हायच्या दिवशी नटून आली आहे.

"बोटीत थैली कोणी ठेवली?"

"सरनं. मी बोट उचलायच्या गडबडीत होती. बोट खांद्यावर घेतली का कॉक्सलेच सांगा लागते, इकडून चला, तिकडून वळा. सर म्हणे, तू बोटीकडे पाहा, थैली मी आणतो."

"आणि शर्यतीत तू तिला हात लावला नाहीस?"

"दोनी हातात सुकाणूची दोरी रायते जी! सोडली का बोट दुसऱ्याच्या लेनमध्ये जाते, पंच झेंडा दाखवते." पोरगी एकदम पुढे वाकली. "तुमी फाडा ना ते थैली! फाडून पाहा!"

"अजिबात नाही!" मागून पियुष धावत आला. तिशीचा, शिट्टी गळ्यात अडकवलेला. "मॅडम, टाके शाबूत आहेत हाच तर या पोरींचा पुरावा आहे. थैली उघडली की संपलं सगळं. मग हेच म्हणतील, तुम्हीच काढले. शिवलेली आहे तशी राहू द्या. काटा सकाळी चुकला असेल, एवढंच माझं म्हणणं आहे."

बोलणं मुद्द्याचं होतं. जरीनाबाईंनी हातात घेतलेली कात्री खाली ठेवली. दिवसभरात भेटलेला हा पहिला अक्कलवान माणूस, असं त्यांच्या मनात आलं, आणि नेमकं त्यामुळेच त्या जरा सावध झाल्या.

३

चंद्रपूरकडून साक्षीला आला गुणवंतरावांचा ड्रायव्हर लटारू. चंचलच्या थैलीची ने-आण त्याच्याकडे होती. घरात ती पोरगी पाण्याचा गिलासही स्वतः उचलत नसावी.

"सकाळी नेली, दुपारी नेली," लटारू तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालात सारत म्हणाला. "का सांगू अजून?"

"काही वेगळं वाटलं?"

"दुपारी जड लागली बाप्पा. पन म्या म्हटलं, जेवल्यावर सगळंच जड लागते. भात खूप झाल्ता."

नगरसेवक फोनवर हात ठेवून हसला. जरीनाबाई हसल्या नाहीत. त्यांना लटारूच्या तोंडातला तो खर्रा दिसत होता; त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

इतक्यात चंचल तणतणत मांडवात शिरली. अंगात पांढरी जर्सी, पायात पांढरे मोजे. निदान सकाळी पांढरे असलेले.

"आजोबा, हे पाहा! पूर्ण मोजे खराब! आपल्या नव्या बोटीत कोणीतरी थुंकून ठेवलं. खर्रा खाऊन थुंकले मेले!"

सगळ्यांनी लटारूकडे पाहिलं.

"म्या नाई थुकलो!" लटारू म्हणाला. "मालकाच्या बोटीत कोन थुकते?"

"मालकाच्या गाडीत थुंकतोस तसा," गुणवंतराव म्हणाले.

"ते खिडकीतून, भाऊ."

मोजे टाचेपासून घोट्यापर्यंत लाल झाले होते. मांडवातल्या प्रत्येकाला तो डाग काय आहे हे पाहताक्षणी कळलं होतं. या मुलखात लाल डाग म्हणजे थुंकी. सरकारी जिना असो, एसटीची खिडकी असो की लाखांची बोट. लाल दिसलं की नाक मुरडायचं आणि पुढे जायचं. जरीनाबाईंनीही नाक मुरडलं आणि नजर वळवली.

नजर वळली ती उर्वशीच्या अनवाणी टाचांवर. तोच लाल.

त्या मुकाट उठल्या, चंचलच्या पायाशी कुरकुरत वाकल्या आणि चक्क त्या मोज्यावर बोट फिरवलं. चंचल किंचाळली. जरीनाबाईंनी बोट बोटावर चोळून पाहिलं. खरखरीत होतं. थुंकी कधी खरखरीत नसते.

"सकाळच्या शर्यतीत मोजे खराब झाले होते?"

"नाही ना! हे फायनलमध्ये झालं. बोटीत पाणी आलं थोडं, आणि खाली पाहिलं तर लाल."

"उर्वशी," जरीनाबाई वळून म्हणाल्या. "तुझे पाय केव्हा लाल झाले?"

"सकाळी. हीटमध्ये. थैली ओली झाली का पाझरते."

"रेती पाझरते? लाल?"

"रेती कोन म्हणे? आमच्या थैलीत सूरजागडची माती आहे. लोखंडाची. दिव्यानीचे बाबा, वारलूकाका, तिथी खाणीवर ट्रक भरतात, त्यायनं आणली. बारा किलो रेती भरली तं मोठं गाठोडं होते जी, पाय ठेवाले जागा नाई रायत. सरच म्हणे, लोखंडाची माती लहान थैलीत मावते."

नगरसेवकानेही फोन ठेवला.

"गुणवंतराव," जरीनाबाई म्हणाल्या, "तुमच्या नातीची थैली कुठे आहे?"

"गाडीच्या डिकीत. तिचा इथे काय संबंध?"

"लटारू, घेऊन ये. आणि जेवण जिरलं असेल तर नीट सांग, जड लागते का."

४

लटारूने थैली आणून काट्यावर आपटली. बारा किलो.

दोन्ही थैल्या शेजारी ठेवल्या. एकाच कापडाच्या, जवळपास एकाच आकाराच्या, जुळ्या बहिणींसारख्या. लटारूने आणलेलीच्या बुडाला तेवढा लाल डाग, आणि थैली ठेवली की तो खाली झाकला जात होता. जरीनाबाईंनी कात्रीने दोन्हींचे टाके कापले. 'गडचिरोली' चिठ्ठीच्या थैलीतून वैनगंगेची पिवळी रेती सांडली. 'चंद्रपूर' चिठ्ठीच्या थैलीतून काळपट लाल, ओली, जड माती.

"थैलीतून काहीच गेलं नाही," जरीनाबाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या बदलल्या. गडचिरोलीची बोट पाच किलो हलकी पळाली, आणि तुमची चंचल पाच किलो जास्त ओझं घेऊन. सात किलो रेती आणि बारा किलो लोखंडी माती, दिसायला सारखीच."

"या गडचिरोलीवाल्यायनं—" गुणवंतराव सुरू झाले.

"थांबा. तुम्हीही अल्ताफच्या जागी बसला होतात. आधी तुमचा हिशेब." त्यांनी खुर्ची ओढली. "तुम्हाला गडचिरोलीला बाद करायचं असतं तर तुम्ही त्यांची थैली हलकी केली असती. स्वतःच्या नातीच्या बोटीत बारा किलो कशाला टाकले असते? तुमचा लोभ मी वीस वर्षं पाहते आहे. तो आंधळा आहे, पण उलट्या दिशेने चालत नाही. शर्यत हरल्यावर तुम्ही तक्रार केलीत, कारण हरल्यावर तुम्ही दरवर्षी तक्रार करता. यंदा चुकून ती खरी निघाली, एवढंच."

गुणवंतरावांना हा आपला अपमान आहे की सुटका हे ठरवता येईना.

"या अदलाबदलीने फायदा एकाच बोटीचा, तोही दुहेरी. म्हणजे करणारा गडचिरोलीचा. पोरींनी केलं? त्यांना माहीत असतं तर उर्वशी माझ्यासमोर 'थैली फाडा' म्हणाली नसती. फाडल्यावर रेती निघणार हे कळणारा माणूस एकच होता. त्याने माझ्या हातातली कात्री अडवली. आतमध्ये लोखंड आहे आणि म्हणून दोन वेगळ्या वजनांच्या थैल्या दिसायला एक आहेत, ही युक्ती त्याचीच. अल्ताफच्या जागी तो बसला. उर्वशीला वजन हाताला लागू नये म्हणून थैली बोटीत त्यानेच नेऊन ठेवली."

सगळ्यांच्या माना वळल्या. पियुष मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. गळ्यातली शिट्टी त्याने मुठीत धरली होती.

"सर?" दिव्यानी म्हणाली.

तो बोलला तेव्हा त्याची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"सकाळचे टाइम पायले ना तू? त्यायची बोट हलकी, नवी. आपली बोट चार जागी चिकटवलेली. मले वाटलं, नाई होनार. तुमचं शेवटचं साल होतं, दिव्यानी. आन् तुमी हारल्या असत्या तं माझा करारबी गेला असता. वजन कोनी कधी परत तपासत नाई. दहा सालात नाई तपासलं."

"तुमाले वाटलं नाई होनार," दिव्यानी सावकाश म्हणाली. "चार महिने पहाटे पाण्यात उतरोलं आमाले. रोज म्हणे, तुमी वाघिणी आहा. आन् तुमाले वाटलं नाई होनार."

"मी तुमच्यासाठीच—"

"नका बोलू, सर. थुकल्यावानी वाटते."

५

निकाल देणं सोपं नव्हतं. बोट कमी वजनाने पळाली हे खरंच होतं, आणि नियम त्या पोरींच्या भोळेपणाला ओळखत नव्हता. जरीनाबाईंनी नियमांचं पुस्तक मागवलं. संघटनेकडे ते नव्हतं. शेवटी नगरसेवकाच्या फोनवर सापडलं. दिवसभरात त्या फोनचा तेवढाच उपयोग झाला.

"गडचिरोलीचा पहिला नंबर रद्द," त्या म्हणाल्या. उर्वशीने तोंडावर हात घेतला. "बंदी पियुषवर, पोरींवर नाही. आणि ही शर्यत एकीला हलकी, एकीला जड झाली, म्हणजे ती शर्यतच नव्हती. ज्युरीला ती परत लावता येते. चारही बोटी, आजच. थैल्या माझ्यासमोर भरायच्या आणि कॉक्सने स्वतः उचलून न्यायच्या."

"परत?" गुणवंतराव तडकले. "आमची बोट दुसरी होती. पहिली बाद, तर आम्ही पहिले! काऊन परत लावायची? पाहुणे येऊन राह्यले!"

"आजोबा, चूप बसा ना!" चंचल म्हणाली. मोजे तिने केव्हाच काढून फेकले होते. "मी बारा किलो ओढून हारली. सात घेऊन पाहू द्या मले. फुकटचं नाई पायजे."

गुणवंतरावांच्या घराण्यात असं काही निपजू शकतं, हे जरीनाबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ऊन उतरलं होतं. चार बोटी सुरुवातीच्या रेषेला गेल्या. प्रत्येकीच्या पुढच्या टोकाला पांढरा रबरी चेंडू असतो. रेषेवरचा पंच एकदा याला पुढे, एकदा त्याला मागे करत चारही चेंडू एका ओळीत आणत होता. वाऱ्याने बोटी पुन्हा पुन्हा वाकड्या होत होत्या. जरीनाबाईंना हे सगळं अतिशय मूर्खपणाचं वाटलं, आणि तरी त्या खुर्ची सोडून पाण्याच्या काठापर्यंत गेल्या.

लाल दिवा गेला, हिरवा लागला. अर्ध्यापर्यंत चंद्रपूर पुढे होतं. चंचलचा आवाज पाण्यावरून कापत येत होता. मग दिव्यानीने ताल वाढवला. घाईने नाही, कुणी दार लोटावं तसं, दरवेळी थोडं जास्त. चिकटवलेली बोट करकरत होती. शेवटच्या टप्प्याच्या लाल खुणा लागल्या तेव्हा दोन्ही बोटी बरोबरीने आल्या, आणि रेषेवर गडचिरोलीचा चेंडू अर्ध्या बोटीने पुढे होता. बोट रेषेला पोचल्याचा पहिला भोंगा वाजला. मग लगेच दुसरा.

पाच पोरी ओरडल्या नाहीत. चौघी वल्ह्यांवर माना टाकून पडून राहिल्या. चंचलने आपली बोट शेजारी आणली आणि हात लांब करून उर्वशीच्या हाताला लावला.

पाहुणे अखेर आले. त्यांनी भाषणात पोहण्याचं महत्त्व सांगितलं. जरीनाबाई भाषण संपायच्या आधी उठल्या.

तलावाच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर पियुष बसला होता. पिशवी पायाशी. त्याला काठावरून हाकललं होतं, आणि गडचिरोलीची बस यायची होती. फाटकातून पाणी दिसत नव्हतं; भोंगे तेवढे ऐकू आले असणार. भोंगा कुणाचं नाव सांगत नाही.

तो उठून उभा राहिला.

"वकीलबाई, कोण पहिलं आलं?"

जरीनाबाई थांबल्या. त्याचे डोळे सुजले होते. तो चार महिने पहाटे त्या पोरींबरोबर उठला होता, हेही खरं असावं. तीस वर्षांत त्यांनी चोर पाहिले, खुनी पाहिले. त्यांतल्या कित्येकांचं मनात कुठेतरी वाईट वाटलं होतं. याच्या वाट्याला ते येईना.

"तुझ्या पोरी आहेत ना?" त्या म्हणाल्या. "मग मला काय विचारतोस?"

"सांगा ना, बाई. जिंकल्या का?"

ऑटोवाल्याने गाडी पुढे घेतली. जरीनाबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू आत चढल्या, पदर नीट केला आणि समोर पाहत ऑटोवाल्याला म्हणाल्या, "चल बाबा. मूल गावच्या स्टँडला."